केळुसकर शेफची भाजलेली जीभ

मालवणच्या एका रिसॉर्टला तळलेल्या कोळंबीबरोबर द्यायला थाई पद्धतीचा गोड-तिखट सॉस हवा होता. त्यासाठी गावातल्या बायकांची स्पर्धा ठेवली; जिचा सॉस पहिला येईल, तिला वर्षभराचं काम. परीक्षक केळुसकर शेफ बँकॉकला राहून आलेले. त्यांचा तोरा काय विचारता! स्पर्धेत उतरलेल्या शकुनच्या सॉसमध्ये त्यांनी एक कोळंबी बुडवली, मग दुसरी, मग तिसरी. वाटी बोटाने पुसून झाल्यावर तोंड वाकडं करून म्हणाले, "नुसता जाळ! जीभ भाजली. दहापैकी दोन."

शकुनने त्यांच्यासमोरचा पाण्याचा ग्लास उचलून सगळ्यांना दाखवला. काठोकाठ भरलेला.

"साहेब, जीभ भाजली आणि पाण्याला हातसुद्धा लावला नाहीत? मग आग माझ्याच सॉसने विझवलीत वाटतं!"

सगळे खो-खो हसले. केळुसकरांनी दोन खोडून नऊ लिहिले आणि तो ग्लास एका दमात रिकामा केला.