पुढे जाणाऱ्याची पाठ

"…मग पुढं जायचं तरी कुणी, बुवा?"

धैर्यशीलने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

बुवा चुलीत फुंकर घालत होते. लाकडं ओली होती. धूर गेलेले डोळे त्यांनी उपरण्याने पुसले आणि पुन्हा फुंकर घातली.

मी शेजारी तंबूच्या दोरीची गाठ सोडवत बसलो होतो. गाठ मीच मारली होती, त्यामुळे ती सुटत नव्हती.

धोंडूबुवा काजळदऱ्यात एकटे राहतात. एक झरा, झऱ्याकाठी शेंदूर फासलेली देवी, चार म्हशी आणि एक झोपडी. लोक त्यांना साधू म्हणतात. ते स्वतःला गुराखी म्हणतात. धैर्यशील त्यांना गुरू म्हणतो, आणि त्यावर बुवा काहीच म्हणत नाहीत.

दर कार्तिकात आम्ही कॉलेजचे मित्र कराडहून निघतो, डोंगरातल्या गाडीवाटांनी जीप घालतो आणि इथे एक रात्र मुक्काम करतो. पहिल्या वर्षी नऊ गाड्या होत्या. तंबूंना जागा पुरली नव्हती. यंदा दोन. एक धैर्यशीलची, एक मकरंदची. मला धरायचं नाही. मला गाडी चालवता येत नाही. मी शाळामास्तर; मी खुंट्या ठोकतो, कांदा चिरतो आणि मकरंदच्या शेजारी बसून दर वळणाला देवाचं नाव घेतो.

"नऊच्या दोन झाल्या, बुवा," धैर्यशील म्हणाला. "मी कुणाचं काय वाईट केलं? वाट मी शोधतो. खड्ड्यात पहिला मी घुसतो. कुणाला नाही जमलं तर त्याची गाडीसुद्धा मीच काढून देतो. तरी एकेक जण गळतोय. यंदा अश्पाकही नाही. पुढं कुणी तरी जायला नको?"

"जायला पायजे की."

"मग?"

"च्यात गूळ घालू का साखर?"

"गूळ." 

धैर्यशील बोलला त्यात खोटं काही नव्हतं. डोंगरात त्याच्यासारखा गडी नाही. जिथे शेळीने विचार केला असता तिथून तो जीप नेतो. त्याच्या गाडीला मागचं दिसायला तीन आरसे आहेत. ते कशासाठी आहेत, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

गेल्या वर्षी एका चढणीवर मकरंदची गाडी बंद पडली. मागे घसरली. मागचं एक चाक कडेबाहेर गेलं. पाऊण तास आम्ही दोघे श्वाससुद्धा बेताने घेत बसलो होतो. धैर्यशील वर पोचून, चहा करून, आमच्या नावाने ओरडत होता. शेवटी खाली आला आणि म्हणाला, "सरक, मी काढतो."

काढलीही. पण त्या दिवसापासून चढण दिसली की मकरंद गाडी थांबवतो. आणि त्या दिवसापासून अवघड जागा आली की धैर्यशील आपली गाडी पार करून मागे येतो, मकरंदच्या खिडकीशी उभा राहतो आणि तळहात पुढे करतो. मकरंद किल्ली देतो. 

आज दुपारी दऱ्यात उतरतानाही तेच झालं होतं. आम्ही दोघे गाडीमागून पायी उतरलो. तेव्हा मकरंद म्हणाला होता,

"मास्तर, ही माझी शेवटची फेरी. घरी गेलो की गाडी विकून टाकतो."

"गाडी नसली म्हणून काय झालं? तू ये की."

"कशाला? सामानासारखा?"

मग थोड्या वेळाने म्हणाला, "धैर्याला सांगू नकोस. उगाच मन दुखवून घेईल."

मी सांगितलं नाही. पण मला रात्रीचं जेवण गोड लागणार नव्हतं. मकरंद नसलेली सहल म्हणजे धैर्यशील आणि मी. त्याला ऐकायला एकच माणूस, आणि तो मी! 

चहा झाला. ऊन कलायला आलं. बुवा उठले आणि त्यांनी नवी वगार सोडली. ही कोवळी म्हैस परवाच बाजारातून आलेली, भेदरलेली. झऱ्यावर जायला ओल्या कातळाचा एक पट्टा ओलांडावा लागतो. ती तिथे आली की चारही पाय रोवायची.

बुवांनी दावं सैल सोडलं. तिच्याकडे तोंड केलं. आणि कातळावर उलटे चालू लागले. एक पाऊल. थांबले. ती पुढे आली. आणखी एक पाऊल…

"बुवा, पडाल!" धैर्यशील हसून ओरडला.

"पडलो तर ती थांबंल," बुवा म्हणाले.

वगार पाणी प्यायली. बुवांनी तिची पाठ थोपटली. धैर्यशील शेकोटीसाठी लाकडं आणायला गेला. तो केव्हाच दुसऱ्या विचारात होता.

रात्री आम्ही भाकरी आणि झणझणीत पिठलं खाल्लं. धैर्यशीलने नऊ गाड्यांच्या वर्षाच्या गोष्टी सांगितल्या. आम्ही त्या वर्षी तिथेच होतो, तरी ऐकल्या.

सकाळी तंबू गुंडाळले. घरचा रस्ता वरच्या सड्यावरून, डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवरून, जातो आणि सड्यावर जायला एकच चढण आहे. शे-दीडशे पावलांची, पण सगळी सुट्ट्या मुरमाची. मधेमधे दगड, एका बाजूला दरी.

धैर्यशील आपली जीप घेऊन वर गेला. एकदाही थांबला नाही. बघतच राहावं असं त्याचं ते काम. मग उड्या मारत खाली आला, मकरंदच्या खिडकीशी उभा राहिला आणि तळहात पुढे केला.

मकरंदने किल्ली काढली.

ती किल्ली पडली बुवांच्या हातात. बुवा केव्हा येऊन उभे राहिले, आम्हाला कळलं नव्हतं. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि पुन्हा मकरंदच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटवली.

"बुवा, त्याला नाही जमायचं," धैर्यशील म्हणाला.

त्याच्या देखत म्हणाला. मकरंद स्टिअरिंगकडे बघत राहिला.

"तू म्होरं चाल," बुवा धैर्यशीलला म्हणाले.

"माझी गाडी वर गेली, बुवा."

"गाडी नगं. तू चाल. ह्येच्या म्होरं."

धैर्यशीलने खांदे उडवले. गुरूचा शब्द म्हणून वळला आणि चढण चढू लागला. भराभर. दहा पावलं गेल्यावर बुवांनी हाक मारली.

"असा न्हाई."

ते काठी टेकत त्याच्यापर्यंत गेले. त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला फिरवून आमच्याकडे तोंड करून उभं केलं.

"उलटा?"

"व्हय."

"आणि माझ्या पाठीमागचं मला कोण दाखवणार?"

 बुवा चढणीच्या कडेला एका खडकावर जाऊन बसले आणि खाली चरणाऱ्या म्हशींकडे बघू लागले.

"मी उतरतो," मी मकरंदला म्हणालो. "तेवढंच गाडीला हलकं."

"बस."

मी बसलो. त्याच्या आवाजात काही होतं म्हणून बसलो. शौर्य म्हणून नव्हे.

त्याने गाडी सुरू केली. पहिला गिअर टाकला. समोर धैर्यशील हात वर करून उभा होता. त्याने बोटांनी खूण केली… ये. आम्ही हललो. तो एक पाऊल मागे गेला. डावा हात हलवला, मकरंदने चाक तसं वळवलं. उजवा हात. मग सरळ. मग मूठ, म्हणजे थांब. मग पुन्हा, ये.

मला एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. वीस वर्षं डोंगरात मी धैर्यशीलची पाठच पाहिली होती. आज त्याचं तोंड दिसत होतं.

आमचं चाक मुरमावर फिरलं की त्याचे डोळे मोठे व्हायचे. चाकाने जमीन धरली की तो ओठ सोडायचा. गाडी दरीकडे जराशी कलली तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. हा माणूस आमच्यासाठी घाबरतो, हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं. बहुधा त्यालाही नव्हतं.  देवाचं नाव घ्यायचंसुद्धा मी विसरलो.

निम्मी चढण झाली.

"धैर्या, मागं दगड!" मकरंद ओरडला.

मागून आलेला आवाज ऐकायची धैर्यशीलला सवय नाही. आता तो समोरून आला होता, तरी सवय ती सवय. त्याने 'ये, ये' अशी खूण केली, एक पाऊल मागे टाकलं, आणि दणकन बसला.

मकरंदने ब्रेक दाबला.

गाडी थांबली. भर चढणीवर. गेल्या वर्षी जशी थांबली होती, अगदी तशीच. मकरंदचा पाय ब्रेकवरून निघेना. 

धैर्यशील उठला. कपडे न झाडताच तरातरा खिडकीकडे निघाला. तळहात पुढे आलाच होता.

"सरक, मी…"

तो मधेच थांबला.

त्याने मकरंदकडे पाहिलं. मग खडकावरच्या बुवांकडे पाहिलं. बुवा म्हशींकडे बघत होते.

पुढे आलेला हात त्याने खाली घेतला. पुन्हा वर गेला, त्याच दगडाशी उभा राहिला आणि आमच्याकडे तोंड केलं.

"मक्या," तो म्हणाला, "मी इथंच आहे. तुला वाटंल तेव्हा."

मकरंदने विचारलं, "लागलं का रे?"

"लागलं."

"कुठं?"

"बसायच्या जागी."

मकरंद हसला. सबंध वर्षात चढणीवर तो पहिल्यांदा हसला. मग त्याने हँडब्रेक ओढला, क्लच हळूहळू सोडत आणला आणि हँडब्रेक खाली केला. गाडी वीतभर मागे सरकली… मला सगळे देव एकदम आठवले… आणि मागच्या चाकांनी मुरूम धरला.

आम्ही वर निघालो.

"धैर्या, डावीकडं सरक. तुझ्या डावीकडं. मागं खड्डा आहे."

धैर्यशील वळून न बघता डावीकडे सरकला.

"आता सरळ जा. मोकळं आहे."

तो सरळ मागे गेला. कुणी कुणाला वाट दाखवत होतं ते मला सांगता येणार नाही. शेवटची वीस पावलं दोघंही बोलत होते, एकाच वेळी, आणि दोघंही ऐकत होते.

सड्यावर आल्यावर मकरंदने इंजिन बंद केलं. पण हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. धैर्यशील खिडकीशी आला. तळहात पुढे केला नाही. दोन्ही हात खिडकीच्या कडेवर ठेवून उभा राहिला.

"गेल्या वर्षी…" तो म्हणाला. "वर चहा उकळत होतो मी. तुम्ही तिथं लटकलेला आणि मी साखर घालत होतो."

"आता असू दे रे."

"असू दे कसं? चुकलो मी."

मकरंदने समोर पाहिलं. सड्यावरचं गवत पिवळं झालं होतं आणि वाऱ्याने एका अंगाला झुकलं होतं.

"अश्पाकची जीप अजून शेडमध्येच आहे," तो म्हणाला. "विकली नाही त्यानं. परवाच भेटला होता."

"मी फोन करतो त्याला."

"तू नको. मी करतो. तू केलास की तू एकटाच बोलतोस." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, पुढच्या वर्षी कांदे जास्त घे."

मी मान हलवली. गाडी विकायची गोष्ट मी काढली नाही. त्यानेही नाही.

इतक्यात बुवा काठी टेकत वर आले. त्यांच्या हातात आमची चहाची किटली होती. मी ती झऱ्याकाठी विसरलो होतो.

धैर्यशील कंबर चोळत त्यांच्यासमोर गेला. वाकून पाया पडला. वाकताना कण्हला.

"बुवा, तुम्ही खडकावर बसला होता. तो दगड तुम्हाला दिसत होता ना?"

"दिसत हुता की."

"मग मला सांगितलं का नाही?"

बुवांनी किटली माझ्या हातात दिली.

"सांगणारा तुझ्या म्होरंच हुता."