शाळेच्या कोपऱ्यातलं मडकं

एक होती राजकन्या. नाव तिचं कुंदावती. लहानपणीच सात नद्या ओलांडून ती शिकायला गेली होती, आणि आता मोठी होऊन घरी परत येत होती. वाटेतच तिने मनात सगळं ठरवून टाकलं. आपलं राज्य चिमुकलं, आपले बाबा साधे. शाळेचं छप्पर गळत असेल. पोरं उपाशी बसत असतील. आपण गेलो की सगळं नीट करू. लोक म्हणतील, बघा, आमची कुंदा आली आणि दिवस पालटले.

मग ती आली. आणि बघते तर काय, छप्पर नीट शाकारलेलं. पोरं ओळीने बसून पाढे म्हणताहेत. आणि प्रत्येकाच्या ओठावर पांढरी मिशी. ताकाची, बरं का.

कुंदाचा चेहरा उतरला. ती राजाला म्हणाली, "बाबा, एवढं सगळं तुम्ही करता?"

"मी कुठला गं," राजा म्हणाला. "मडकं करतं."

शाळेच्या कोपऱ्यात एक काळं मडकं होतं. ते एकट्या कुणाचं नव्हतं, साऱ्या गावाचं होतं. फार पूर्वी दुष्काळ पडला होता. शाळा बंद पडू नये म्हणून लोकांनी घराघरातून दूध आणलं. कुणी वाटीभर, कुणी चमचाभर, कुणी नुसता थेंब. सगळं एका मडक्यात ओतलं. डोंगरावरची देवी तिथून चालली होती. तिला कौतुक वाटलं. तिने दुधात करंगळी बुडवली आणि गेली. सकाळी मडकं दह्याने काठोकाठ भरलं.

तेव्हापासून रोज तसंच. संध्याकाळी घरोघरचं थोडं थोडं दूध त्यात पडायचं आणि सकाळी मडकं काठाला लागायचं. मग पोरांना ताक, गुरुजींना लोणी, आजाऱ्याला वाटीभर दही. उरलेल्या लोण्याचं तूप विकून छपराला गवत. नियम एकच होता. तळाची एक पळी विरजणाला ठेवायची. ती खायची नाही आणि कुणाला द्यायचीही नाही.

मडकं सांभाळायची येसूमावशी. कुंदा आल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी लेकीकडे निघाली होती. कुंदा म्हणाली, "मावशी, आज मी वाढते."

"वाढ की. तळ तेवढा सोड."

कुंदाने पोरांना वाढलं. मग एक वाटसरू आला, उन्हाने पार सुकलेला. तिने त्याला दिलं. मग एक बाळंतीण आली. तिलाही दिलं. मग डोंगरापलीकडची एक म्हातारी आली. म्हणाली, "आमच्या गावची पोरं नुसत्या भाकरीवर दिवस काढतात गं. काही आहे का?"

मडक्यात आता तळाची पळी तेवढी उरली होती. कुंदाने मडक्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं. दारात भूक उभी असताना मडक्यात दही ठेवायचं, हा कसला नियम? तिने तळ बोटाने खरवडला आणि म्हातारीच्या वाटीत घातला. तिला फार बरं वाटलं. मग मडकं राखेने घासून लख्खसुद्धा केलं.

संध्याकाळी लोकांनी नेहमीसारखं दूध ओतलं. सकाळी येसूमावशी लेकीकडून परतली आणि तिने झाकण काढलं. दूध जेवढं होतं तेवढंच, आणि तेही नासलेलं. पोरं वाट्या घेऊन उभी होती. लांबून चालत येणारी पोरं तर घरून न खाताच आलेली. ती रिकाम्या वाट्या घेऊन आपापल्या जागी बसली.

"छान घासलंस हो," येसूमावशी म्हणाली. "सासरी नाव काढशील."

कुणी मागून म्हणालं, "सात नद्यांपलीकडे खरवडायलाच शिकवतात वाटतं."

कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती नुसती रडत बसली नाही, बरं का. तिने राजवाड्यातलं चांदीच्या वाटीतलं दही आणून दुधात घातलं. मडकं भरलं नाही. मग गवळ्याकडचं सायीचं दही आणलं. मडकं भरलं नाही. मग देवीच्या देवळातलं नैवेद्याचं दही आणलं. तरी मडकं भरलं नाही. देवीची करंगळी लागलेलं ते विरजण नव्हतंच.

मग म्हातारीला दिलेल्यातलं काही उरलं असेल का, ते बघायला ती एकटीच डोंगर चढून पलीकडे गेली. तिथे त्या म्हातारीच्या झोपडीपुढे पोरांचा घोळका होता. सगळ्यांच्या ओठांवर पांढऱ्या मिशा. आणि मधोमध एक गाडगं, काठोकाठ.

"आजी, हे कुठलं?"

"कुठलं म्हणजे? तूच दिलंस ना," म्हातारी म्हणाली. "सगळं खाऊन टाकीन होय मी? घराघरातून दूध मागितलं आणि त्याला ते विरजण लावलं. रोज तळाचं ठेवते. का गं, तुमच्याकडचं संपलं?"

कुंदाने होकाराची मान डोलावली. म्हातारी हसली नाही की तिने टोमणा मारला नाही. पोरीच्या केसांवरून हात फिरवला आणि पळीभर विरजण तिच्या वाटीत घातलं.

कुंदा धावत घरी आली. दूध ओतलं, विरजण लावलं आणि मडक्यावर झाकण ठेवलं.

सकाळी मडकं काठोकाठ भरलेलं होतं. पोरं वाट्या घेऊन धावली. गाव जमला. तेव्हा कुंदा सगळ्यांना म्हणाली, "तळाची पळी मी पुन्हा कधी खरवडणार नाही. पण काठावरची एक पळी आजपासून वेगळी काढायची. ज्या गावाला शाळेसाठी मडकं भरायचं असेल, त्याला ती द्यायची. आपलं बुडालं तर त्यांच्याकडे मागू, त्यांचं बुडालं तर ते आपल्याकडे येतील."

 येसूमावशीने आपली पळी कुंदाच्या हातात दिली. "वाढ," म्हणाली, "पोरं थांबलीत."

मग गावोगावच्या शाळांत मडकी भरली, पोरं शिकली, मोठी झाली आणि संध्याकाळी आपापल्या घरचं दूध घेऊन यायला लागली. सगळे सुखाने राहिले.

आता पुरे. मी पण दह्याला विरजण लावून आलेय. दही लागताना भांडं हलवायचं नसतं, माहीत आहे ना? मग तुम्हीही हलू नका. मिटा डोळे.