देवीच्या हातूनही एक गेले

सीना नदीकाठच्या शेलवडे गावी दयागीर महाराज त्या वर्षी चातुर्मासाला राहिले होते. गावाबाहेरच्या माळावर देवीचे देऊळ आहे, त्याच्या ओवरीत त्यांचे आसन असे. महाराज फार बोलत नसत. लोक येत, आपले दुःख सांगत, आणि महाराज ते शेवटपर्यंत ऐकून घेत. भाविकहो, मध्ये न बोलता ऐकणारा माणूस भेटणे हीसुद्धा कृपाच म्हणायची.

त्याच गावात ठकूबाई नावाची सुईण होती. सव्वीस वर्षे तिने आसपासच्या पाच गावांतली बाळंतपणे केली. तिकडची रीत अशी, की सुईणीने बोलावणे नाकारायचे नाही. जेवत असली तर ताट सारून उठायचे, अंगात ताप असला तरी निघायचे. ठकूबाईने ही रीत कधी मोडली नाही. पण त्या पावसाळ्यात तापाची साथ आली आणि दोन महिन्यांत तिच्या हातांत चार बाया आणि तीन बाळे गेली. शेवटची तर तिच्या सख्ख्या भावाची सून होती. तिला पोचवल्यावर ठकूबाई घरी आली, चटणी-भाकरी खाल्ली आणि भांडी घासायला बसली. घासता घासता तिच्या ध्यानात आले, की आपल्याला रडू आलेले नाही. तेव्हा मात्र ती भ्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती महाराजांसमोर येऊन बसली.

"महाराज, मला कायच वाटंना झालंय," ती म्हणाली. "मूल रडलं तरी कौतिक न्हाई, बाई गेली तरी दुख न्हाई. हात आपलं चालत्यात. ह्या कामाचा मला वीट आलाय, आन दुसरं कायबी येत न्हाई."

आता महाराज कर्तव्यावर दोन शब्द सांगतील असे बसलेल्या लोकांना वाटले. महाराजांनी विचारले, "पोटभर झोप कधी झाली होती?"

ठकूबाईला आठवेना.

"मग वीस दिवस इथंच राहा. जेव आणि झोप. देऊळसुद्धा झाडायचं नाही."

"आन बोलावणं आलं तर? सुईणीला न्हाई म्हनता येत न्हाई."

"तुला म्हणता येत नाही ना? मी म्हणेन."

"मग त्या बायांचं कसं हुईल, महाराज?"

महाराजांनी गाभाऱ्याकडे पाहिले. "सव्वीस वर्षं तू हिचं काम केलंस. वीस दिवस ही तुझं करील."

ही गोष्ट गावभर झाली, आणि द्वारकाबाई देशमुखांच्या कानावर गेली. गावातले सगळ्यात मोठे घर त्यांचे. सून मैना पहिलटकरीण, आठवा सरत आलेला. द्वारकाबाई कामवाल्या रखमाला घेऊन तडक देवळात आल्या. ठकूबाई ओवरीत भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

"सुईण थकली म्हणे!" द्वारकाबाई मोठ्याने म्हणाल्या. "आमच्या विहिरीवरचा बैल थकत नाही, ही बरी थकली. बुवांचं काय जातंय? स्वतः काही करायचं नाही आणि करणाऱ्याला आयतं बसवायचं. माझ्या सुनेला काही झालं, तर ह्या देवळाला कुलूप लावीन."

ठकूबाई जागी झाली होती. तिने सगळे ऐकले आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला. खरे सांगायचे तर, तिला त्याचेही काही वाटले नाही.

बाराव्या दिवशी, भर दुपारी, रखमा धावत आली. मैनाला अवेळी कळा सुरू झाल्या होत्या. महाराज ओवरीच्या पायरीवर बसले होते. "ती झोपली आहे," ते म्हणाले. "मी उठवणार नाही."

रखमा पाया पडली, रडली, शेवटी शिव्याही देऊन झाल्या. महाराज जागचे हलले नाहीत. ती तशीच परत पळाली.

देवळात चार दिवस कोणी फिरकले नाही. पाचव्या दिवशी द्वारकाबाई आल्या. हातात लुगडे आणि ओटीचे सामान होते, मागे रखमा होती. पाचवीला सुईणीची ओटी भरतात, त्यासाठी त्या आल्या होत्या. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"ठकूबाई," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी काम झालं आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेलात."

"म्या?" ठकूबाई म्हणाली. "म्या हितनं हाललेच न्हाई, बाईसाहेब."

रखमा पुढे सरकली. तिने पहिल्यांदाच तोंड उघडले. "हिला झोपल्याली बघून म्या मागं फिरले. घरी जाऊन बघते तर ही मैनाताईंच्या उशाशी. म्या भ्याले, कुनाला बोलले न्हाई."

मग ठकूबाईने हळूच विचारले, "काय केलं तिनं? समदं सांगा."

द्वारकाबाई सांगू लागल्या. जुळी होती. आधी मुलगी आली, ती गेलेलीच. मग मुलगा आला, निळा पडलेला, श्वास नाही. बाळ गेलेच असे समजून, सून तरी वाचावी म्हणून द्वारकाबाईच नाळ कापायला निघाल्या, तर त्या बाईने त्यांचे मनगट धरले. नाळ तशीच ठेवून तिने नाळेच्या टोकाची, मागून पडलेली वार तव्यावर घेतली आणि ऊब नाळेतून बाळाला पोचावी म्हणून निखाऱ्यावर शेकत बसली, एका हाताने बाळाची पाठ चोळत. सगळ्यांनी आशा सोडली, तरी ती चोळतच होती. बऱ्याच वेळाने पोर रडले.

"आन पोरगी?"

"तिला तुम्ही... तिनं मांडीवर घेतलं. कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं. जिवंत लेकराला घालतात तसं. आणि अशी रडली, ठकूबाई, की मला बघवेना. मग डोळे पुसून मैनाकडे वळली."

ठकूबाईने गाभाऱ्याकडे पाहिले. "म्हंजी," ती म्हणाली, "हिच्याबी हातनं येक गेलं?"

"गेलं," महाराज म्हणाले. "का गेलं ते मलाही माहीत नाही. पण ती त्याच्यासाठी रडली, आणि मग पुढच्या कामाला लागली."

तेव्हा ठकूबाईला रडू आले. गेलेल्या एकेका बाईचे नाव घेऊन ती रडली, आणि बिननावाच्या तीन लेकरांसाठीही रडली. महाराजांनी तिला गप्प केले नाही. द्वारकाबाई ते बघत होत्या. आपण हिला बैल म्हटले, आणि देवी हिचे रूप घेऊन आपल्या घरात राबली, हे त्यांना सोसवेना. त्या महाराजांच्या पायाशी वाकल्या, तशी महाराजांनी पावले मागे घेतली आणि ठकूबाईकडे बोट केले. त्या गावात कधी झाले नव्हते ते झाले. देशमुखांच्या द्वारकाबाईंनी सुईणीच्या पायांवर डोके ठेवले.

ठकूबाईने नाक पुसले. "मैनाचं अंग गरम लागतंय का?" तिने विचारले.

"कालपासून थोडा ताप आहे," द्वारकाबाई तशाच वाकून म्हणाल्या.

"आन पोरगं वढतंय का नीट?"

"थोडं पितं आणि झोपतं."

"आन तुमी हितं माझ्या पाया पडत बसलाय? उठा आधी!" ठकूबाईने पदर खोचला आणि ओटी न घेताच पायऱ्या उतरली. द्वारकाबाई लुगडे काखेला मारून तिच्या मागे जवळजवळ पळतच निघाल्या.