गोदूबाईच्या दारचा कावळा

माणसांच्या घरात काय शिजतं हे कावळ्यांना पाठ असायचं, त्या काळातली ही गोष्ट.

गोदूबाई गेली. दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला, शेजारी श्रीखंडाचा द्रोण ठेवला आणि मुलं हात जोडून लांब उभी राहिली. तिच्या दारचा कावळा मात्र या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत राहिला.

"अरे, शिव की एकदाचा!" म्हातारा कावळा करवादला. "पहिला मान तुझा, म्हणून आम्ही सगळे उपाशी!"

"आजोबा, सगळ्यांची जेवणं झाली की ती भाताची खरवड काढायची, वर कच्चं तेल नि मीठ घालून मिटक्या मारत खायची. त्यातलाच घास मला द्यायची. मी आत्ता शिवलो, तर तिला श्रीखंडच आवडायचं असं ठरून जाईल."

खाली थोरल्याने विनवलं, "आई, केशर घालायचं राहिलं का गं? तेराव्याला घालू."

कावळा उतरला, पिंडाभोवती फिरला आणि पुन्हा वर गेला. ऊन चढलं. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तो शिववला की सगळे घरी जायला मोकळे.

तेवढ्यात गोदूबाईचा नवरा पुढे आला. "तुला काय आवडायचं, मला ठाऊक नाही गं," तो म्हणाला. "मी जेवून उठायचो तो थेट ओसरीवर. तुझ्या ताटात कधी पाहिलंच नाही."

कावळा झपदिशी उतरला आणि पिंडाला शिवला. श्रीखंडाला मात्र त्याने चोच लावली नाही.