टॉवेलामागचा फोम

जैतुनबी नदाफचा उभा जन्म सोफे शिवण्यात गेला, पण कचेरीतल्या खुर्चीवर तिला घटकाभर बसवेना. मागच्याच महिन्यात शेजारच्या सरूआजींचा सोफा उदबत्तीच्या ठिणगीने पेटला होता आणि आजी थोडक्यात वाचल्या होत्या. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता: सोफ्याच्या आगीचा नियम बदला, आतल्या फोमबरोबर वरचं कापडही तपासा.

हे नियम ठरवणारे अधिकारी बोंद्रेसाहेब नव्या नियमाचा मसुदा पुढ्यात ठेवून खुर्चीत रेलले होते. "बाई, फोम चाचणीत पास झाला की सोफा सुरक्षित. कापडाचं काय घेऊन बसलात? ही माझी खुर्चीसुद्धा पास झालेल्या फोमचीच आहे!"

जैतुनबीची नजर पुन्हा पुन्हा त्या खुर्चीच्या पाठीकडे जात होती. सगळ्याच साहेबांच्या खुर्चीवर असतो तसा तिथे पांढराशुभ्र टॉवेल होता. ती ताडकन उठली, टेबलावरच्या गणपतीपुढची जळती उदबत्ती उचलली आणि थेट टॉवेलाकडे निघाली.

साहेब खुर्ची सोडून भिंतीला चिकटले. "अहो, अहो! पेटेल ना!"

"पेटतंय कशाला?" जैतुनबी म्हणाली. "बसा की साहेब, आतला फोम पास आहे."

साहेब काही बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी मसुद्यात लिहिलं, 'कापडसुद्धा.'