शेठचं पहिलं धोतर

कोष्टी गल्लीत अशी गर्दी कधी झाली नव्हती! गुरुपादशेठनं आणलेला विजेवरचा माग आज पहिल्यांदा चालणार होता. शेठनं दवंडीच पिटवली होती, "यंत्राचं पहिलं धोतर नेसून मी देवळात जाणार आणि उद्यापासून गल्लीतल्या हातमागांना माझं सूत बंद!"

समोरच्या सोप्यात म्हातारी म्हाळसाक्का आपल्या हातमागावर बसली. म्हणाली, "मग होऊन जाऊ दे शर्यत!"

बटण दाबलं आणि खडाखड, खडाखड! जमीन हादरायला लागली. बघताबघता यंत्राचं कापड अक्काच्या कापडापेक्षा वीतभर पुढं गेलं. तेवढ्यात त्याच्या ताण्यातला एक उभा धागा तुटला. अक्काच्या नजरेतून तो सुटला नाही.

"शेठ, थांबवा! धागा तुटलाय, गाठ मारा."

"थांबतात ती माणसं, अक्का! माझं यंत्र थांबत नसतं!"

पुढं अक्काचाही धागा तुटला. तिनं माग थांबवला, गाठ मारली आणि पुन्हा विणायला लागली.

दुपारी यंत्रावरून अख्खं धोतर उतरलं. अक्काचा जेमतेम पंचा झाला होता.

"हरलीस, अक्का!" म्हणत शेठनं ऐटीत धोतर उलगडलं आणि बघतो तर काय! तुटका धागा शेजारच्या धाग्यांत गुरफटत गेला होता. धोतराला मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती जाळी!

"हरले की," अक्का म्हणाली. "माझा नुसता पंचाच झालाय, पण तो नेसून देवळात जाता येतं. तुमचं तर अख्खं धोतर आहे. नेसा शेठ, वाजंत्री आम्ही आणतो!"

शेठ देवळाकडं फिरकले नाहीत. दुसऱ्या दिवशी गल्लीत सूत मात्र वेळेवर आलं.