फोटोने आयुष्य कमी होते

एकदा एका धान्याच्या व्यापाऱ्याने आपल्या सगळ्या कुटुंबाचा फोटो काढून घ्यायचे ठरवले. त्या काळी फोटो म्हणजे जन्मात एखाद्या वेळी घडणारी गोष्ट. छबी काचेवर उमटायची आणि ती उमटेपर्यंत माणसांना श्वास रोखून बसावे लागे. निमित्त असे की व्यापाऱ्याचा थोरला मुलगा दुसऱ्या दिवशी आगबोटीने आफ्रिकेला निघणार होता आणि परत कधी येईल, हे कुणालाच सांगता येत नव्हते. जाताना सगळे घर निदान कागदावर तरी सोबत असावे, एवढीच त्याची इच्छा होती.

मग काय विचारता! सकाळपासून घरात लगीनघाई उडाली. पोरांच्या डोक्यांवर तेल थापले गेले. ठेवणीतल्या नथी निघाल्या. व्यापाऱ्याच्या कोटाला इस्त्रीतल्या निखाऱ्याने भोक पडले, तेव्हा त्यावर उपरणे घ्यायचे ठरले. अंगणात सतरंजी अंथरली, मागे पांढरी चादर ताणून बांधली. गावातला वृद्ध छायाचित्रकार, ज्याला सगळे मास्तर म्हणत, आपल्या शिष्यासह कॅमेरा मांडून तयार होता. सगळे आपापल्या जागी उभे राहिले, पण मधली खुर्ची रिकामीच होती. व्यापाऱ्याचे वडील, म्हणजे आबा, काही केल्या बसायला तयार होईनात.

"फोटोनं आयुष्य कमी होतं," आबा उंबऱ्यावरूनच म्हणाले.

"अहो आबा, असल्या समजुती कसल्या धरून बसता?" व्यापारी वैतागला.

"तू गप रे!" आबा नातवाकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला. "मला मरणाची भीती नाही, बाळा. पण तू परत येशील तेव्हा दारात उभं राहायला मी हवा ना? उरलेल्या आयुष्यातला एक दिवससुद्धा मी कुणाला द्यायचा नाही."

नातवाचे डोळे भरून आले. "आबा, तुमच्याशिवाय तो फोटो नेऊन मी काय करू?"

शिष्य शिकलेला होता. समजूत घालण्यासाठी तो पुढे झाला. "आबा, अहो नुसता उजेड काचेवर पडतो. त्यानं तुमचं काहीएक..."

मास्तरांनी त्याचा हात धरून त्याला थांबवले. ते स्वतः आबांच्या शेजारी उंबऱ्यावर जाऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, "खरं आहे, आबा. कमी होतं."

व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. मास्तरांनी होत आलेले काम आपल्या हाताने बिघडवले, असे शिष्याला वाटले.

"किती होतं?" आबांनी विचारले.

"तुम्ही स्थिर बसाल तेवढं."

"आणि ते जातं कुठं?"

मास्तरांनी नातवाकडे बोट दाखवले. "ह्याच्या ट्रंकेत. समुद्रापार."

आबा काठी टेकत उठले, पांढऱ्या मिशांवरून हात फिरवला आणि खुर्चीत जाऊन ताठ बसले.

"मग सावकाश काढ," ते म्हणाले. "घाई करू नकोस."

मास्तरांनी भिंगावरचे झाकण काढले. शिष्याने स्थिर बसलेली माणसे पुष्कळ पाहिली होती, पण असे बसणे त्याने कधी पाहिले नव्हते. आबांची पापणी लवली नाही. त्यांच्याकडे बघून चुळबुळणारी पोरेसुद्धा हलायची विसरली. मास्तरांनी झाकण परत बसवले, तरी आबा तसेच समोर पाहत राहिले.

परतीच्या वाटेवर त्याने विचारले, "गुरुजी, आज आपण असत्य बोललात का?"

"आबा जेवढा वेळ नातवासाठी बसले, तेवढा वेळ त्यांना परत मिळणार आहे का?" मास्तर म्हणाले. "माणूस माणसासाठी जे काही करतो, ते स्वतःच्या आयुष्यातूनच काढून देतो. आपल्यापाशी दुसरे असते तरी काय? तू त्यांची समजूत खोटी ठरवली असतीस, तर ते कदाचित बसलेही असते. पण मग त्यांच्याकडे देण्यासारखे काही उरले नसते."

शिष्याने मान डोलावली, पण त्याला उमगले नव्हते. उमगले ते अंधाऱ्या खोलीत. तांबड्या दिव्याखाली तो औषधात काच हलवत होता आणि छबी हळूहळू वर येत होती. काचेवरच्या पहिल्या छबीत काळे ते पांढरे दिसते आणि पांढरे ते काळे, हे त्याला रोजचेच होते. तरी आज त्याचा हात जागच्या जागी थांबला. काचेवर नातवाचे केस पांढरेशुभ्र झाले होते. एखादा दीर्घायुषी म्हातारा खुर्चीमागे उभा असावा, तसा तो दिसत होता. आणि पुढे खुर्चीत, काळ्याभोर मिशांचा एक तरुण बसला होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "हे बघा."

मास्तर वाकले. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी त्या ओल्या काचेला हात जोडले.

"माझं आयुष्य तुला लागो, असं म्हणणारे जन्मभर ऐकले," ते हलकेच म्हणाले. "लागलेलं आज पाहिलं."